मोटरहोममागे ओढलेली गाडी ब्रेक लावताना ढकलते : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

ब्रेक दाबल्यावर मोटरहोमचा (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा) वेग उतरू लागतो आणि पुढच्याच क्षणी कोणीतरी मागून पाठीवर हात ठेवून ढकलावे तसा जोर जाणवतो, हे मागे ओढलेल्या गाडीचे ब्रेक नीट न लागण्याच्या बिघाडाचे पहिले आणि सर्वांत खात्रीचे लक्षण आहे. ब्रिटनमध्ये ए-फ्रेम (गाडीच्या पुढील भागाला जोडायची त्रिकोणी ओढ-चौकट) लावून मोटरहोममागे छोटी गाडी ओढणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला तो कधी ना कधी येतो. मी लेस्टरजवळ राहतो. गेल्या दहा वर्षांत हा बिघाड मी माझ्या जोडणीवर चार वेळा आणि ओळखीच्या मराठी कुटुंबांच्या जोडण्यांवर त्याहून जास्त वेळा दुरुस्त केला आहे. बहुतेक वेळा दोष एखाद्या महागड्या भागात नव्हता, तर सैल केबलमध्ये, निर्वात (हवा काढून घेतलेली पोकळी) नसलेल्या सर्वोमध्ये (पेडलवरचा जोर वाढवणाऱ्या भागामध्ये) किंवा पेडलखाली सरकलेल्या पायपुसण्यात होता. म्हणून पुढील तपासण्या मी जाणीवपूर्वक फुकटापासून खर्चिकाकडे लावल्या आहेत, आणि तो क्रम मोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लक्षणे

ढकलण्याबरोबर इतर काही खुणा दिसतात. त्या सर्व एकाच वेळी दिसतील असे नाही, पण कोणती खूण दिसते यावरून दोष कुठे आहे हे बऱ्याच अंशी आधीच कळते.

नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्याच ठिकाणी ब्रेक दाबूनही सिग्नलच्या रेषेपर्यंत पोचताना पेडल जास्त दाबावे लागते. ब्रेक लावताना हिचमधून (दोन वाहने जोडणाऱ्या भागातून) ‘ठण्’ असा आवाज येतो आणि पुन्हा निघताना तसाच दुसरा आवाज येतो. मोटरहोमचे पुढचे ब्रेक पॅड अपेक्षेपेक्षा लवकर झिजतात. शंभर मैल चालून उतरल्यावर ओढलेल्या गाडीच्या डिस्कवर पावसाने धरलेला तांबूस गंज तसाच असतो. हे शेवटचे लक्षण अतिशय बोलके आहे, कारण पॅड डिस्कला एकदा जरी नीट घासले असते तर तो गंज पहिल्या काही मैलांतच पुसला गेला असता.

याच्या उलट प्रकारची लक्षणेही आहेत. चढावर मोटरहोम नेहमीपेक्षा जड वाटते, डिझेल जास्त लागते, थांबल्यावर ओढलेल्या गाडीच्या चाकापाशी जळका वास येतो आणि एका चाकाजवळ हात नेववत नाही. याचा अर्थ ब्रेक लागत नाहीत असा नसून ते सुटत नाहीत असा आहे. असे गरम झालेले ब्रेक खऱ्या गरजेच्या वेळी अशक्त पडतात, त्यामुळे शेवटी परिणाम तोच होतो, म्हणजे थांबण्याचे अंतर वाढते.

आणखी एका लक्षणाची वेगळी नोंद घ्यावी. सकाळी निघाल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक उत्तम लागतात आणि त्यानंतर दिवसभर गाडी ढकलत राहते, असे होत असेल तर पुढील तपासण्यांपैकी सर्वोच्या तपासणीकडे विशेष लक्ष द्यावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्या ए-फ्रेममध्ये ओव्हररन पद्धतीची हिच असते, तिचे काम मागच्या गाडीच्या रेट्यावरच चालते. मोटरहोमचा वेग कमी होतो, मागची गाडी पुढे रेटते, त्या रेट्याने हिचचा दांडा आत सरकतो, दांडा केबल ओढतो आणि केबल गाडीचे ब्रेक पेडल ओढते. म्हणून अगदी हलका, सलग आणि आवाजाविना येणारा रेटा हा बिघाड नव्हे. धक्का, आवाज किंवा वाढत जाणारा जोर हा बिघाड आहे.

अंतर किती वाढते

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये (रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तिकेत) ताशी ६० मैलांच्या वेगाला थांबण्याचे एकूण अंतर ७३ मीटर दिले आहे. त्यातील १८ मीटर चालकाला धोका कळून पाय पेडलवर जाईपर्यंत जातात आणि उरलेले ५५ मीटर प्रत्यक्ष ब्रेक लागल्यावर जातात. हे आकडे कोरड्या रस्त्यावरील साध्या मोटारीचे आहेत. आता ३,५०० किलोची मोटरहोम आणि तिच्यामागे ब्रेक अजिबात न लागणारी १,००० किलोची गाडी असा विचार करावा. थांबवणारा जोर फक्त मोटरहोमच्या चार चाकांचा आणि थांबवायचे वजन मात्र ४,५०० किलोचे, म्हणजे सुमारे २९ टक्के अधिक. मोटरहोम एकटी असताना ५५ मीटरांत थांबत असेल असे धरले, तरी आता तिला जवळजवळ ७१ मीटर लागतील. ही सोळा मीटरची वाढ म्हणजे चार मोटारींच्या लांबीइतके अंतर झाले. मोटरहोमचे ब्रेक तापलेले नाहीत, टायर नवे आहेत आणि रस्ता सपाट आहे असे धरून केलेला हा हिशेब आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर दुप्पट होऊ शकते आणि बर्फावर दहापट, असे हायवे कोड सांगतो.

पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या हंगामात ज्यांनी उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उतारावरून येताना पाहिला आहे, त्यांना हे आकड्यांशिवायही कळेल. ट्रॅक्टरवाला ब्रेकपेक्षा गिअरवर विसंबतो, कारण ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो हे त्याला पक्के माहीत असते. आपल्याला मात्र मागच्या गाडीला ब्रेक आहेत असे वाटत असते, आणि धोका नेमका त्या वाटण्यात आहे.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहू. ए-फ्रेम आणि तिला जोडलेली गाडी मिळून एक ट्रेलर होतो, अशी ब्रिटनच्या वाहतूक खात्याची भूमिका आहे. ट्रेलरचे कमाल अनुज्ञेय वजन ७५० किलोपेक्षा जास्त असेल तर त्याला काम करणारे ब्रेक असलेच पाहिजेत. यात एक गैरसमज मी फार वेळा ऐकला आहे. ‘आमची छोटी गाडी रिकामी असताना साडेसातशेच्या आतच आहे’ असे लोक सांगतात. परंतु विचारात घेतले जाते ते गाडीच्या पाटीवर छापलेले कमाल वजन, प्रवाशांसह आणि सामानासह. ते अगदी दोन आसनी गाडीचेही ७५० किलोच्या वर जाते. ओढताना वेगमर्यादाही बदलते. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ती ताशी ५० मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर व मोटरवेवर ताशी ६० मैल आहे. हे सर्व ब्रिटनचे नियम आहेत. यूरोप खंडातील प्रत्येक देश ए-फ्रेमवरील गाडीला ट्रेलर मानतोच असे नाही, त्यामुळे फेरी बोटीवर चढण्यापूर्वी त्या त्या देशाची चौकशी करावी.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सर्वप्रथम वजन पाहावे. मोटरहोमच्या पाटीवर सहसा चार आकडे एकाखाली एक असतात : पहिला मोटरहोमचे कमाल वजन, दुसरा मोटरहोम आणि ओढलेले वाहन मिळून कमाल वजन, आणि पुढचे दोन पुढच्या व मागच्या अॅक्सलचे. पहिल्या दोन आकड्यांतील फरक म्हणजे कमाल वजनाने भरलेल्या मोटरहोममागे ओढण्यासाठी उरलेली क्षमता. दुसरा आकडा नसेल किंवा तो पहिल्याइतकाच असेल, तर त्या वाहनाने काहीही ओढू नये, आणि मग पुढच्या तपासण्यांना अर्थ उरत नाही. पाण्याची टाकी, सायकली, चांदवा आणि महिन्याभराचा शिधा धरून एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर जाऊन यावे. तेथे थोडी फी पडते, पण जादा वजनाच्या मोटरहोमचे ब्रेक निर्दोष असूनही अंतर वाढते, आणि हे कळल्याशिवाय आपण नसलेला दोष शोधत बसतो.

त्यानंतर दोन्ही वाहनांच्या टायरची हवा, थंड असताना, पाटीवरील किंवा पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावी. हवा कमी असलेला टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो आणि एका बाजूची हवा कमी असेल तर ब्रेक लावताना जोडणी त्या बाजूला ओढली जाते. मग माणूस उगाच ब्रेक उघडून बसतो.

आता ओढल्या जाणाऱ्या गाडीत चालकाच्या जागेवर बसावे. हँडब्रेक पूर्ण सुटलेला आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, किल्ली स्टिअरिंगचे कुलूप उघडे राहील अशा स्थितीत आहे का, हे पाहावे. मग वाकून पेडलपाशी पाहावे. केबलचा आकडा पेडलच्या दांड्यावर नीट अडकला आहे का? पेडलखाली पायपुसणे, पाण्याची बाटली, मुलाचा बूट असे काही आले आहे का? माझ्या एका स्नेह्यांनी दोन वेळा गॅरेजचे पैसे भरले होते, आणि पायपुसण्याची दुमडलेली कड पेडलला अर्ध्यावरच अडवत होती. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती प्रत्येक प्रवासाच्या सुरुवातीला करावी असा माझा आग्रह आहे.

बाहेर येऊन जोडणी एका बाजूने पाहावी. सपाट जमिनीवर ए-फ्रेम शक्यतो आडवी असावी. ती पुढे बरीच उंच किंवा खाली झुकलेली असेल तर मागून येणारा रेटा सरळ दांड्यावर न पडता काही अंशी वर-खाली वाटला जातो, दांडा कलंडून घासतो आणि केबल अर्धीच ओढली जाते. कपलिंग (ए-फ्रेमच्या टोकाची पकड) टो-बॉलवर (मोटरहोमच्या मागच्या गोळ्यावर) पूर्ण बसले आहे का याची खूण बहुतेक कपलिंगांवर असते, तीही पाहावी. गाडी सुटलीच तर तिचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवे केबल टो-बॉलच्या गळ्यात नुसती टाकलेली नसावी, टो-बारवर तिच्यासाठी असलेल्या कडीत अडकवलेली असावी. वळणावर ती ताणली जाऊ नये आणि जमिनीवर घासूही नये.

पेडल प्रत्यक्ष हलते का

एवढे करूनही ढकलणे थांबले नसेल तर सर्व तपासण्यांत मला सर्वांत उपयोगी वाटणारी ही तपासणी करावी. तिला खर्च काहीच नाही, फक्त एक सोबती लागतो. रिकाम्या, सपाट, खासगी जागेत, जागामालकाच्या परवानगीने, मोटरहोम माणसाच्या चालण्याच्या वेगाने पंधरा-वीस मीटर पुढे न्यावी आणि ठामपणे थांबवावी. सोबत्याने बाजूने, किमान तीन मीटर अंतरावरून, ओढलेल्या गाडीच्या उघड्या काचेतून पेडलकडे पाहत चालावे. त्याने दोन वाहनांच्या मध्ये कोणत्याही कारणाने जाऊ नये. एवढ्या अंतरावरून पेडल नीट दिसत नसेल किंवा सोबती नसेल तर पेडलकडे रोखलेला मोबाइल आसनाला बांधून चित्रण करावे. मला तेच अधिक सोयीचे वाटते, कारण ते परत परत पाहता येते.

यातून तीनपैकी एक गोष्ट दिसते. पेडल हललेच नाही, तर दोष हिच आणि पेडल यांच्या मध्ये, म्हणजे केबल, दांडा किंवा विजेवर चालणाऱ्या जोडणीत तिच्या संकेतात आहे. पेडल हलले पण गाडी ढकलतच राहिली, तर दोष सर्वोत किंवा गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमध्ये आहे. पेडल हलले, ब्रेक लागले, पण मोटरहोम पुन्हा पुढे नेल्यावर पेडल परत वर आले नाही, तर केबल अडकते आहे किंवा जास्त ताणलेली आहे. हे एकदा कळले की निम्मे काम झाले, आणि पुढच्या तपासण्यांपैकी आपल्याला लागू असेल तेवढीच करता येते.

केबल

केबल कालांतराने ताणली जाते, आणि नवी केबल पहिल्या काही प्रवासांत अधिक ताणली जाते. केबल सैल असेल तर दांड्याची सरकण्याची बहुतेक मर्यादा केवळ तो सैलपणा भरून काढण्यात संपते आणि पेडलला प्रत्यक्ष ओढण्यासाठी काही उरत नाही. माझा ठोकताळा असा की ठाम ब्रेकमध्ये दांडा त्याच्या एकूण मर्यादेच्या निम्म्याहून अधिक आत जात असेल, तर जुळवणी करण्याची वेळ झाली. हे मोजण्यासाठी दांड्यावर ग्रीसचा पातळ थर देऊन थोडे चालवून यावे आणि ग्रीस कुठपर्यंत पुसले गेले ते पाहावे.

जुळवणी करताना दांडा पूर्ण बाहेर असावा आणि पेडल स्वस्थ जागी असावे. लॉक-नट ढिला करावा, जुळवणीचा नट केबलचा सैलपणा जेमतेम संपेपर्यंत फिरवावा, नंतर अर्धा फेरा मागे घ्यावा आणि लॉक-नट घट्ट करावा. पेडल हाताने दाबून पाहावे. त्यात किंचित मोकळी चाल उरलीच पाहिजे.

हा अर्धा फेरा मागे घेणे का आवश्यक आहे ते सांगतो, कारण ‘ढकलते ना, मग आवळा’ या विचाराने केलेली सर्वांत घातक चूक हीच आहे. पेडल काही मिलिमीटर जरी कायम दाबलेले राहिले, तर मास्टर सिलिंडरमधले (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणाऱ्या भागातले) ते बारीक छिद्र बंद होते, ज्यातून तापून फुगलेले ब्रेक ऑइल टाकीत परत जाते. पॅड हलकेच घासत राहतात, ऑइल तापते, फुगते, त्याला परत जायला वाट नसते, म्हणून पॅड आणखी जोरात दाबले जातात आणि ऑइल आणखी तापते. मोटरवेवर वीस मैलांत चाक धुरावर येते ते याच मार्गाने. सैल केबलमुळे अंतर वाढते, पण जास्त आवळलेल्या केबलमुळे आधी आग लागू शकते आणि नंतर, ऑइल उकळल्यावर, ब्रेक उरतच नाहीत.

केबलचे प्लॅस्टिकचे वेष्टण कुठे तडकले असेल तर आत पाणी जाते, गंज धरतो आणि हिवाळ्यात ते पाणी गोठून केबल जागीच बसते. अशी केबल तेल सोडून वाचवण्याचा प्रयत्न करू नये, बदलून टाकावी.

उष्णतेची तपासणी

यासाठी लांबून तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर घ्यावा. तो वीस पाउंडांच्या आत मिळतो. काही वेळा ब्रेक लावावे लागतील अशा रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे चालवून सुरक्षित ठिकाणी थांबावे आणि ओढलेल्या गाडीच्या चारही चाकांचे तापमान डिस्क किंवा ड्रमपाशी मोजून वहीत लिहावे. पुढची चाके मागच्यांपेक्षा गरम असणे स्वाभाविक आहे. महत्त्वाचा असतो तो डाव्या आणि उजव्या बाजूंमधला फरक. एका बाजूचे चाक दुसरीपेक्षा तीसेक अंशांनी गरम असेल तर मी तेथे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकला आहे असे समजून पुढे जातो. मागची दोनच चाके तापलेली असतील तर हँडब्रेक पूर्ण सुटलेला नाही. चारही चाके हवेइतकीच थंड असतील तर ब्रेक लागतच नाहीत, आणि मोटरहोमने तो सर्व प्रवास एकटीने थांबवला आहे.

दांडा आणि डँपर

‘ठण्’ आवाज येत असेल तर येथे पाहावे. दांड्यावरील रबरी घडीचे आवरण फाटलेले असेल तर पाणी आणि रस्त्यावरील मीठ आत जाते. ब्रिटनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकले जाते, त्यामुळे हा त्रास येथे विशेष आहे. आवरण बदलावे, जुने ग्रीस पुसून काढावे आणि ग्रीसच्या निपलमधून नवे भरावे.

डँपर, म्हणजे दांड्याचा धक्का शोषणारा भाग, तपासण्यासाठी गाडी मोटरहोमपासून सोडवून, तिचा हँडब्रेक लावून, चाकांना ठोकळे लावून आणि ब्रेकची केबल तात्पुरती सोडून, कपलिंग दोन्ही हातांनी आत रेटावे. ते जड आणि एकसारख्या विरोधाने आत जायला हवे आणि हात काढल्यावर सावकाश स्वतःहून बाहेर यायला हवे. वॉशर गेलेल्या सायकलच्या पंपासारखे ते सरकन आत गेले, तर डँपर संपला आहे. संपलेल्या डँपरमुळे दांडा आघाताने आत जातो, ब्रेक एकदम लागतात, गाडी मागे पडते, दांडा बाहेर येतो, ब्रेक सुटतात, गाडी पुन्हा आदळते. या हिसक्यांमध्ये ओल्या रस्त्यावर मागची गाडी आडवी होऊ शकते. डँपर बदलणे हे ज्याला पाना धरता येतो त्याला जमण्यासारखे काम आहे, मात्र भाग त्याच हिचसाठी बनवलेला असावा.

सर्वो आणि निर्वात

मोटारीचे ब्रेक पेडल हलके वाटते ते सर्वोमुळे. चालू इंजिन सर्वोत निर्वात तयार करते आणि तो पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवून पुढे पोचवतो. ओढलेल्या गाडीचे इंजिन बंद असते, त्यामुळे साठलेला निर्वात पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये संपतो आणि नंतर पेडल दगडासारखे होते. केबल ते ओढते, पेडल किंचित हलतेही, पण चाकाशी पुरेसा जोर पोचत नाही. सकाळी चांगले आणि नंतर वाईट, या लक्षणाचा उलगडा हा आहे. म्हणूनच अनेक जोडण्यांत ओढल्या जाणाऱ्या गाडीत विजेवर चालणारा छोटा निर्वात पंप बसवलेला असतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे म्हणजे ते कडक होईल. पाय त्यावर तसाच ठेवून पंप चालू करावा. पेडल पायाखाली थोडे खाली गेले पाहिजे. ते गेले नाही तर आधी फ्यूज पाहावा, मग पंपाचा आवाज येतो का ते ऐकावे, मग रबरी नळीला चीर पडली आहे का किंवा ती सुटली आहे का हे पाहावे. पंप चालतो, पण सतत थांबून पुन्हा चालू होतो, याचा अर्थ कुठेतरी हवा शिरते आहे. किल्ली उघडी ठेवून दिवसभर ओढल्याने त्या गाडीची बॅटरीही उतरते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि १२.२ वर आली म्हणजे निम्मी उतरली असे समजावे. उतरलेल्या बॅटरीवर पंप फिरतो, पण पुरेसा निर्वात करू शकत नाही.

ज्यांच्या जोडणीत पेडल विजेच्या यंत्रणेने दाबले जाते, त्यांनी मोटरहोमच्या सॉकेटवर संकेत पोचतो का ते मल्टिमीटरने पाहावे. सात पिनांच्या जुन्या आणि तेरा पिनांच्या नव्या, दोन्ही सॉकेटांत ब्रेकच्या दिव्याची पिन सहा क्रमांकाची आणि अर्थिंगची पिन तीन क्रमांकाची असते. ब्रेक दाबल्यावर या दोहोंमध्ये बारा व्होल्टच्या आसपास दाब दिसला पाहिजे. तो आठ-नऊ दिसला तर बहुधा पिना हिरव्या पडलेल्या असतात किंवा अर्थिंगची तार सैल असते. पिना साफ करून पुन्हा मोजावे.

गाडीचे स्वतःचे ब्रेक

ओढली जाणारी गाडी वर्षातले अनेक महिने उभी असते. कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात आणि पॅड एकाच बाजूने झिजतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस असतो, तो ओलावा शोषलेल्या स्थितीत १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर, विशेषतः ओव्हररन हिच असताना, हा फरक जीवघेणा ठरतो. बोरघाटात आपण शिकलो की ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. ते मोटरहोमसाठी येथेही खरे आहे. पण आपण इंजिनने वेग धरून ठेवतो तेव्हा मागची गाडी हिचवर सतत रेटत राहते आणि तिचे ब्रेक उतार संपेपर्यंत हलकेच लागलेले राहतात. वेल्समधील लँगोलेनजवळचा हॉर्सशू पास हा घाट उतरून आल्यावर मी दरवेळी थांबून चारही चाके मोजतो. यॉर्कशरमधील सटन बँकसारख्या चढ-उतारावर तर कॅरव्हॅनना बंदीच आहे. ए-फ्रेम घेऊनही मी त्या वाटेला जात नाही.

पॅडची जाडी चाकाच्या फटीतून दिसते. ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

येथे हात थांबवावा

पुढीलपैकी काहीही आढळल्यास गाडी ओढू नये, ती वेगळी चालवत न्यावी किंवा वाहून न्यावी, आणि टोइंगचे काम करणाऱ्या जाणकार कारागिराला बोलवावे. ए-फ्रेमच्या किंवा गाडीच्या पुढील भागात बसवलेल्या कंसाच्या (ब्रॅकेटच्या) वेल्डिंगला केसाएवढी जरी चीर दिसली, कंसाचे भोक लांबट झालेले दिसले, किंवा ओढली जाणारी गाडी पुढून कुठे आदळली असेल, तर स्वतः वेल्डिंग करण्याचा विचारही करू नये. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. ब्रेकच्या धातूच्या नळ्यांवर पापुद्रे सुटले असतील, एखादे चाक धुरावर गेले असेल, किंवा मोटरहोमचे स्वतःचे पेडल मऊ लागत असेल, तर तेही घरच्या अंगणातले काम नव्हे. जे ए-फ्रेमऐवजी खऱ्या ट्रेलरवर गाडी चढवून नेतात त्यांनी ड्रम काढण्याच्या फंदात पडू नये. सीलबंद बेअरिंगच्या अनेक हबांचा नट एकदाच वापरायचा असतो आणि तो सुमारे २९० न्यूटन-मीटरने आवळावा लागतो, जे घरच्या पान्याने होत नाही.

कारागिराकडे गेल्यावर ‘ब्रेक तपासा’ एवढेच सांगू नये. ब्रिटनमध्ये गाडीची वार्षिक एमओटी (सक्तीची वाहन तपासणी) होते ती इंजिन चालू ठेवून, म्हणजे सर्वो जिवंत असताना. ए-फ्रेमची अशी सक्तीची वार्षिक तपासणी होतच नाही. म्हणून गाडीचे इंजिन बंद ठेवून, निर्वात पंप असल्यास तोच चालू ठेवून, आणि पेडल पायाने नव्हे तर केबलनेच ओढून रोलरवर ब्रेकचा जोर मोजावा, असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि चारही चाकांचे आकडे कागदावर मागून घ्यावेत.

दुरुस्तीनंतर त्याच खासगी जागेत ताशी २० मैलांवरून दोनदा थांबून पाहावे, एकदा मोटरहोम एकटी आणि एकदा गाडीसह. ब्रेक दाबण्याच्या जागी खडूने रेघ ओढून तेथून अंतर पावलांनी मोजावे. गाडी स्वतःला नीट थांबवत असेल तर दोन्ही अंतरांत एखाद-दुसऱ्या पावलाहून जास्त फरक येत नाही. माझ्या वहीत हे आकडे दर मार्चमध्ये लिहिलेले आहेत आणि बिघाड सुरू झाला की पहिली शंका मला त्यांवरूनच येते. केबल नवी घातली असेल तर पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून लॉक-नट आणि पेडलची मोकळी चाल पुन्हा पाहावी, आणि नटावर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे तो फिरला असेल तर पुढच्या वेळी वाकून पाहताच दिसेल.